पैका आईच्या हातात

मदत घेऊन आलेला टेम्पो परत पाठवणारी बाई मी आयुष्यात एकदाच पाहिली. महापुराचा पाचवा की सहावा दिवस होता. नदीकाठचं एक अख्खं गाव जयसिंगपुरातल्या मंगल कार्यालयात येऊन राहिलं होतं. मी कोल्हापुरातल्या एका छोट्या संस्थेत कामाला होते. कुणा दात्यानं पाठवलेली बिस्किटांची खोकी घेऊन, ड्रायव्हरच्या शेजारी बसून, मी मोठ्या उत्साहानं तिथं पोचले. दारातच एक बाई आडवी आली. बुटकी, रुंद बांध्याची, पन्नाशी ओलांडलेली. पदर कमरेला खोचलेला आणि कडेवर कुणाचं तरी रडणारं पोर.

"काय हाय ह्यात?" तिनं विचारलं.

"बिस्किटं. मुलांसाठी."

"मग परत न्या, म्याडम."

मला वाटलं, माझी ऐकण्यात चूक झाली. ती आणखी मोठ्यानं म्हणाली, "अवो, चार दिस झालं पोरं निस्ती बिस्कुटं खायालीत. भाकरी म्होरं ठेवली की त्वांड फिरवत्यात. निम्म्या पोरांस्नी हगवण लागलीया. ह्यो टेम्पो हितं उतरला तर म्होरला टेम्पो दवाखान्याचा आणावा लागंल बगा. आणायचंच असंल तर केळी आणा, शेंगदाणं आणा, गूळ आणा."

ड्रायव्हर हसला. माझा मात्र अपमान झाला होता. तरी टेम्पो वळवला, कारण ती दारातून हलेचना. त्या गावच्या अंगणवाडीच्या सेविका मालनबाई कांबळे यांची आणि माझी ही पहिली भेट.

दुसऱ्या दिवशी मी केळी घेऊन गेले. तेव्हा त्यांनी मला आत नेलं. लग्नात नवरीला बसवतात ती खोली त्यांनी आपल्या ताब्यात घेतली होती. तिथं सात-आठ बायका बाळांना पाजत बसल्या होत्या. दाराला एक जुनी साडी बांधलेली. कोपऱ्यातल्या कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली बाईंच्या गळ्यात. "ह्यात दूध पावडरीचं डबं हायती," त्या म्हणाल्या. "लोकं देऊन जात्यात. चांगल्या मनानं देत्यात की, पर हितं बाटली धुवाय सोच्च पाणी कुठाय? आईला दूध येतंय तवर डबा कशाला? घाबरून दूध आटतंय म्हणत्यात. आडोसा दिला, पोटाला घातलं, की येतंय."

आमच्या भागातल्या बायका बोलतात तशाच मालनबाई "मी आलो, मी गेलतो" असं बोलायच्या. आवाज असा, की मैदानाच्या पलीकडल्या पोरानं मातीत घातलेला हात तोंडात जाता जाता थांबावा. कुठलंही लहान मूल दिसलं की त्याच्याशी बोलता बोलता अंगठा आणि तर्जनी त्याच्या दंडाभोवती फिरायची. एसटीत, बाजारात, लग्नातसुद्धा. आयांना वाटायचं, बाई लाड करताहेत. बाई मोजत असायच्या. आमच्याकडे दंड मोजायची रंगीत पट्टी होती. हिरव्यावर आली तर मूल ठीक, पिवळ्यावर आली तर काळजी, लालवर आली तर दवाखाना. मी ती पट्टी मोठ्या कौतुकानं त्यांना दाखवली. त्यांनी एका मुलीचा दंड बोटांत धरून आधीच सांगितलं, "पिवळी दावंल." पट्टीनं पिवळंच दाखवलं.

त्यांचा नवरा उचगावच्या बाजूला एका कारखान्यात कामाला होता, तो तरुणपणीच गेला. पदरात एक मुलगी. मालनबाई अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागल्या. स्वयंपाक करता करता बाहेरून परीक्षा दिल्या आणि त्याच अंगणवाडीच्या सेविका झाल्या. सुरुवातीला काही घरं त्यांच्या हातची खिचडी मुलांना खाऊ द्यायची नाहीत. त्याबद्दल त्या एवढंच म्हणायच्या, "पोरांस्नी वास आला, पोरं आली. मोठ्यांस्नी यायला जरा येळ लागला." पूर आला तेव्हा स्वतःच्या घरातलं सगळं सोडून त्या अंगणवाडीतला वजनकाटा डोक्यावर घेऊन बोटीत बसल्या होत्या. लोक हसले. "घरातला टीव्ही भिजला तर दुसरा घेता यील," त्या म्हणाल्या, "काटा भिजला तर सरकार दुसरा कवा दील?"

पाणी उतरलं, माणसं घरी गेली, आणि खरा वाईट काळ तिथून सुरू झाला. शेतं कुजली होती. जनावरं गेली होती. छावणीत दोन वेळा मिळणारं जेवण बंद झालं. मालनबाईंच्या वहीत पिवळ्या खुणा वाढत चालल्या. आमच्या संस्थेला तेव्हा मोठी देणगी मिळाली होती आणि आम्ही धान्याच्या पिशव्या वाटायचं ठरवत होतो. पिशवीत काय काय असावं, हे विचारायला मी त्यांच्याकडे गेले. त्या चिखल खरवडत होत्या. त्यांनी फावडं भिंतीला टेकवलं.

"पिशवी नगं. पैका द्या. आन त्यो आईच्या हातात द्या."

मी म्हटलं, पैसे भलतीकडेच खर्च होतील.

"म्याडम, भूक समद्यांची सारखी, पर अडचण येगयेगळी. ह्या घरात तांदूळ हाय, अंडी न्हाईत. त्या घरात अंडी हायती, पर पोराला ताप हाय आन कोल्हापूरला न्यायला गाडीभाडं न्हाय. आन त्या तिकडं पत्र्याच्या खोलीत सुनीता ऱ्हाती, तिला तर काय बी खायला नगं. तिला घरी बसायला पैका पायजे."

"म्हणजे?"

"ती रोज लोकांच्या रानात तण काढाय, भांगलायला जाती. बाळ म्हातारीपाशी टाकून. दिसभर पाजत न्हाय. तिची मजुरी तिला घरात बसून मिळाली, तर पोरगी अंगावर पील. तुमच्या पिशवीत आईचं दूध बसतंय व्हय?"

ही सुनीता शाहूवाडीकडची, मलकापूरजवळच्या एका वाडीतली. नवरा यंत्रमागावर कामाला. भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत ती, सासू आणि दीड वर्षाची आरोही. पोरीची पट्टी पिवळ्या-लालच्या सीमेवर होती. मालनबाईंनी पहिलं नाव तिचं घातलं.

मी ऑफिसात भांडले. तेव्हा भांडू शकत होते. शेवटी ठरलं, मालनबाईंनी दंड बघून केलेल्या यादीप्रमाणे आयांच्या खात्यात दर महिन्याला रक्कम जमा करायची. काहींची खातीच नव्हती, कागदपत्रं वाहून गेली होती. बाई त्या बायकांना घेऊन बँकेत जाऊन बसायच्या. साहेब म्हणाला "उद्या या" की त्या बाकावर मांडी घालायच्या आणि म्हणायच्या, "उद्याच यायचं हाय तर आजपासनंच बसतो की."

पहिल्याच महिन्यात माझा आणि त्यांचा खटका उडाला. एका बाईनं मिळालेल्या पैशांतून शेगडी घेतली होती. मला राग आला. हे पैसे मुलाच्या आहारासाठी होते, असं मी सगळ्यांसमोर बोलले. मालनबाईंनी मला बाजूला घेतलं. "म्याडम, तिची चूल पाण्यात इरघळली. लाकडं वली. पोरानं अंडी कच्ची खायाची व्हय?" त्या संध्याकाळी त्यांनी मला त्याच घरी जेवायला बसवलं. पोर अंड्याची पोळी खात होतं. चूक दाखवून झाली की त्या ती पुन्हा उगाळत नसत. हा त्यांचा मोठेपणा मला फार उशिरा कळला.

नुसते पैसे देऊन त्या थांबल्या नाहीत. पैसे जमा झाले की आठवड्याच्या बाजारात आयांबरोबर जायच्या. तयार पाकिटांच्या दुकानाजवळून जाताना मुद्दाम मोठ्यानं बोलायच्या, "ह्यात हवा भरलीया, हवेचं पैसं द्यायचं न्हाईत." कुणी खुशीनं दोन अंडी हातावर ठेवली तर घेत नसत. "त्येच्यावर पोराचं नाव हाय," म्हणायच्या. हळूहळू वहीतल्या पिवळ्या खुणांच्या पुढं हिरव्या खुणा यायला लागल्या. सुनीतानं भांगलायला जाणं थांबवलं. आरोही धरून धरून उभी राहायला लागली होती. बाईंना बघून ती आपणहून दंड पुढं करायची आणि हसायची.

मग एक अर्ज आला. आमच्या ऑफिसात आणि देणगी देणाऱ्यांकडे, दोन्हीकडे. खाली गावातल्या काही लोकांच्या सह्या. अंगणवाडीच्या बाईंनी आपल्याच वस्तीतली नावं घातली, आणि पैसे मिळालेल्या बायकांकडून आपला वाटा घेतला, असं त्यात लिहिलं होतं. ज्या घरांचं पुरात नुकसान झालं होतं पण मुलं धडधाकट होती, अशा काही घरांना पैसे मिळाले नव्हते. राग तिथून आला होता. चौकशीचं काम माझ्याकडे आलं. मी घरोघर फिरले. वाटा घेतल्याचं एकाही बाईनं सांगितलं नाही. यादीतली निम्म्याहून अधिक नावं वस्तीबाहेरची होती. सुनीता तर बाईंच्या ना जातीची, ना गावची.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही मी अहवालात काय लिहिलं? तक्रारीत तथ्य आढळले नाही. तथापि वाद टाळण्यासाठी यापुढे लाभार्थ्यांची निवड घरांच्या पंचनाम्यावरून करावी. आमचे संचालक म्हणाले होते, "सरकारी यादी घे, म्हणजे कुणी बोट ठेवणार नाही." माझी नेमणूक वर्षावर्षाची होती आणि त्याच महिन्यात तिची मुदत संपत होती. कुणी माझा हात धरला नव्हता. मीच लिहिलं. पंचनामा घरमालकाच्या नावानं होतो, भाडेकरूच्या नाही, हे मला माहीत होतं. नऊ मुलं यादीतून गेली. त्यांत आरोही होती.

यादी बदलली ती अर्जानंतर लगेच. त्यामुळे गावानं अर्थ काढला तो असा, की बाईनं खाल्लंच असणार. नाहीतर यादी का बदलली? माझ्या अहवालातलं पहिलं वाक्य कुणी वाचलं नाही. मी ते गावात जाऊन मोठ्यानं वाचूनही दाखवलं नाही.

आठवड्याभरात मालनबाई एसटीनं कोल्हापूरला आमच्या ऑफिसात आल्या. खुर्चीवर बसायला सांगितलं तर उभ्याच राहिल्या.

"माझं काय म्हणायचं न्हाय," त्या म्हणाल्या. "लोकं बोलत्यात, बोलू द्या. मला बी काढा. पर ती नऊ पोरं परत घ्या. सुनीता परत भांगलायला जायालीया."

"बाई, निर्णय वरून झालाय."

"वरनं म्हंजे कुणाकडनं?"

मी कागद चाळत राहिले. "मी बोलते. पुढच्या आठवड्यात बैठक आहे."

"पोरगीला पुढचा आठवडा कळतोय व्हय, म्याडम?"

त्या एवढंच बोलल्या. पाणीही न पिता गेल्या. पुढच्या आठवड्यातली बैठक पुढं ढकलली गेली आणि मी ती ढकलू दिली.

आरोहीला जुलाब लागले. सासूनं घरगुती औषध दिलं. सुनीता मजुरी बुडेल म्हणून दोन दिवस थांबली. मालनबाईंना कळलं तेव्हा त्यांनी स्वतः रिक्षा करून मायलेकींना आधी जयसिंगपूरला आणि तिथून कोल्हापूरला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी शर्थ केली. पोरगी तिसऱ्या दिवशी दुपारी गेली. मला फोन आला तेव्हा मी ऑफिसातच होते, दवाखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर.

मी पोचले तेव्हा बाई व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या होत्या. मी शेजारी बसले. मला रडू फुटलं. "माझ्यामुळं झालं," असं मी म्हणाले. त्या नाही म्हणतील, समजूत घालतील, अशी आशा मला होती, हे मी आज कबूल करते. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"तुमच्या हातानं न्हाय गेली, म्याडम," त्या म्हणाल्या. "पर तुमच्या हातात हुती."

त्यानंतर मी पुन्हा भांडले. फार उशिरा, पण भांडले. आठ मुलं यादीत परत आली. पुढच्या खेपेला पूर आला तेव्हा आमच्या संस्थेनं पहिल्या दिवसापासून दंड बघून यादी केली, भाडेकरूंची नावं आधी घेतली, पैसे आईच्या खात्यात टाकले. बाहेरची माणसं ते काम बघायला आली. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. ही पद्धत कुणाची, असं एकानं विचारलं, तेव्हा मी मालनबाईंचं नाव सांगितलं. पण त्यांच्या माघारी सांगितलं. त्यांच्या गावात, चार माणसांत, कधी नाही. त्या वेळी बाई निवृत्त होऊन मुलीकडे उचगावला राहायला गेल्या होत्या. निरोपाला गावातलं फारसं कुणी आलं नाही, असं ऐकलं. मीही गेले नव्हते. बैठक होती.

एकदा मात्र मी उचगावला गेले. काय बोलायचं ते रिक्षात घोकत गेले. बाई वाळल्या होत्या, साखरेनं पाय सुजले होते. पण आवाज तोच. "या की, म्याडम! पावण्यावाणी दारात काय उभ्या?" मुलीला चहा टाकायला सांगितला आणि मला विचारायला लागल्या, "आवंदा पट्टीवर किती पोरं लाल हायती? खालच्या गल्लीतलं जुळं कसं हाय?" मी उत्तरं देत राहिले. दोनदा शब्द ओठांवर आले. दोन्ही वेळा त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. की मीच त्यांना विचारू दिला? निघताना त्या म्हणाल्या, "येत जावा." मी "येते" म्हटलं. गेले नाही.

यंदा उन्हाळ्यात त्या गेल्या. जलदान विधीला मी उचगावला पोचले. मांडवात ओळखीचे चेहरे थोडेच होते. एका बाजूला सुनीता बसली होती. तिच्या मांडीवर चार वर्षांचा गुटगुटीत मुलगा. आरोही गेली त्या वेळी तो तिच्या पोटात होता. तो झाल्यावर आमच्या संस्थेचे पैसे तिला वर्षभर मिळाले होते. मला बघून ती उठली आणि माझे हात धरून रडायला लागली.

"म्याडम, मी लई वाईट वागलो बगा बाईंसंग."

मी विचारलं, काय झालं?

"आरोही गेल्यावर बाई घरी आल्या आन म्हणाल्या, सुनीता, माफ कर, दुसऱ्या यादीत तुझं नाव लिवायचं माझ्याकडनंच ऱ्हायलं. मी त्यांस्नी नगं नगं ते बोललो. वरीसभर त्वांड बघितलं न्हाय. तरी त्या दर म्हयन्याला यायच्या. दारात उभ्या ऱ्हाऊन सांगायच्या, म्याडमचं पैसं खात्यावर आल्यात, काढून घे, त्यांच्यावर राग धरू नगंस, चूक माझी हाय. माफ केलं म्हणायचं ऱ्हाऊनच गेलं हो."

बाईंनी असं का केलं असेल, ते मला लगेच उमगलं. सुनीताच्या पोटात मूल होतं. खरं कळलं असतं तर तिनं आमच्या पैशांना हात लावला नसता, आणि ते मूलही पहिलीच्या वाटेनं गेलं असतं. तेवढ्यासाठी या बाईनं आधीच मळलेलं आपलं नाव आणखी मळवून घेतलं होतं. मला काही सांगितलं नव्हतं. चहा पाजला होता आणि जुळ्यांची चौकशी केली होती.

मी सुनीताला बाजूला नेलं.

"नाव राहिलं नव्हतं," मी म्हणाले. "बाईंच्या यादीत तुझं नाव सगळ्यात वर होतं. ते मी काढलं. बाई माझ्या ऑफिसात येऊन भांडून गेल्या होत्या, ते नाव परत घ्या म्हणून. मी घेतलं नाही."

ओरडेल, शिव्या देईल, मारेलसुद्धा, असं वाटलं. त्यातलं काहीच तिनं केलं नाही. मुलाला खांद्यावर नीट घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "मग हे बाई हुत्या तवा का न्हाय सांगितलंसा?"

ती वळली, मांडवातून आत गेली आणि बाईंच्या फोटोसमोर जमिनीवर बसली. विधी संपेपर्यंत ती उठली नाही. मी बाहेर चपलांपाशी उभी होते.